नदीकाठची धाव : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

परतीचा पाऊस थांबला, पंचगंगेचे पाणी पात्रात गेले आणि पाणंदी, म्हणजे शेतांमधल्या सार्वजनिक वाटा, वाळू लागल्या की कोल्हापुरातल्या धावणाऱ्यांची पावले डांबरी रस्ता सोडून नदीकडे वळतात. या महिन्यात सदराकडे आलेली बहुतेक पत्रे नदीकाठच्या आणि पाणथळ भागातल्या धावण्याविषयी आहेत, म्हणून हा संपूर्ण भाग त्याच विषयाला दिला आहे. नदीकाठची वाट आधी पाण्याची, मग शेतीची आणि त्यानंतर आपली आहे, हा क्रम मनात धरूनच मी उत्तरे लिहिली आहेत.

प्रश्न : माझे वय ५२ वर्षे असून मी कसबा बावड्यात राहतो. गेली काही वर्षे डांबरी रस्त्यावर रोज पाच किलोमीटर धावतो. आता गुडघे कुरकुरू लागले आहेत, म्हणून नदीकाठच्या मऊ वाटेवर जावे असे वाटते. सुरुवात कोठून आणि कोणत्या महिन्यात करावी?

उत्तर : प्रथम गुडघ्यांविषयी. मऊ वाटेवर गुडघ्याला बसणारा हादरा कमी होतो हे खरे, परंतु तो भार नाहीसा होत नाही; त्यातला बराचसा पोटरीकडे आणि टाचेच्या शिरेकडे जातो. पाय जमिनीत थोडा रुततो, टाच खाली जाते आणि प्रत्येक पावलाला पोटरीला अधिक ओढ बसते. त्यामुळे डांबरावर सहज होणारे पाच किलोमीटर पहिल्याच दिवशी मातीवर केले, तर गुडघा शांत आणि टाच दुखरी अशी स्थिती होते. गुडघ्याला सूज असेल, जिना उतरताना कळ येत असेल किंवा रात्री झोपेतही दुखत असेल, तर वाट बदलण्यापूर्वी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. तसे काही नसेल, तर पहिले दोन-तीन आठवडे एक दिवसाआड निम्मेच अंतर घ्यावे, त्यातही काही मिनिटे धावून काही मिनिटे चालावे आणि उरलेल्या दिवशी नेहमीचा रस्ता धरावा.

आता महिन्याविषयी, कारण येथे खरा निर्णय नदीच करते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांचे पाणी घेऊन प्रयाग चिखलीपासून पंचगंगा म्हणून वाहणारी ही नदी शहराला वळसा घालून नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. तिचा उतार मंद आहे, पात्र वळणावळणाचे आहे आणि दोन्ही काठांची जमीन सपाट आहे, त्यामुळे पाणी पात्राबाहेर आले की लांबवर पसरते आणि ओसरायला दिवस लावते. शिवाय नदीचे पाणी शहरातल्या पावसावर फारसे अवलंबून नसते. गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि शहरात त्याचा लहानसा हिस्सा, म्हणून बावड्यात लख्ख ऊन पडलेले असतानाही नदी चढत असते. राजर्षी शाहू महाराजांच्या दूरदृष्टीतून उभ्या राहिलेल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरले की ते पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि एकेका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी भोगावतीत येते. ते पाणी काही वेळाने आपल्या दारातूनच जाते. जून ते सप्टेंबर या काळात म्हणूनच नदीकाठ धावण्यासाठी पूर्णपणे वर्ज्य समजावा.

ऑक्टोबरात वाट वरून वाळलेली दिसते, पण आत ओल असते. पाय ठेवताच वरचा पापुद्रा फुटून पाऊल घोट्यापर्यंत जाते, विशेषतः नदीकाठच्या ज्या मळीच्या जमिनीत पुराचा गाळ बसला आहे तेथे. काठीने किंवा बुटाच्या टाचेने दाबून पाहावे. खड्डा पडून त्यात पाणी झिरपत असेल, तर ती वाट अजून दोन-तीन आठवड्यांनी आपली. नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. या दिवसांत सकाळी नदीवर धुके असते, तेव्हा उजाडून समोरचे स्पष्ट दिसू लागेपर्यंत थांबावे. मार्चनंतर काळ्या जमिनीला भेगा पडतात आणि त्या भेगा वाळलेल्या गवताखाली लपतात. घोटा मुरगळण्याचे प्रकार माझ्या पाहण्यात चिखलापेक्षा या भेगांमुळेच अधिक झाले आहेत.

आपल्याला राजाराम बंधारा जवळ आहे. गावातून बंधाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेने आरंभ करावा आणि बंधारा न ओलांडता अलीकडूनच परत फिरावे. पुढे सराव झाल्यावर शिवाजी पुलापलीकडे आंबेवाडी आणि प्रयाग चिखलीच्या बाजूला शेतांमधल्या पाणंदींनी संगमापर्यंत जाता येते. ती वाट मला या परिसरात सर्वांत आवडते, कारण संगमाजवळ आकाश मोकळे होते आणि नद्या एकत्र येताना डोळ्यांना दिसतात. संक्रांतीच्या सुमारास तेथे स्नानासाठी भाविक येतात, त्या दिवसांत धावण्याची घाई तेथे नेऊ नये.

आणखी एक बारकावा. नदीकाठची वाट बहुधा पाण्याच्या बाजूला कललेली असते. अशा वाटेवर सतत एकाच दिशेने धावल्यास खालच्या बाजूच्या पायावर, त्यातही गुडघ्याच्या बाहेरच्या अंगावर ताण येतो. गोलाकार फेरीपेक्षा ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परतणे अशा ठिकाणी हितकारक, कारण परतताना दोन्ही पायांच्या जागा बदलतात.

प्रश्न : मी शिवाजी पेठेत राहणारा महाविद्यालयीन विद्यार्थी आहे. नदीकडच्या काळ्या मातीत धावताना बुटांना इतका चिखल चिकटतो की पाय उचलवत नाही. खोल खाचांचे ट्रेल शूज घेतले तर हा प्रश्न सुटेल का?

उत्तर : केवळ खाच खोल असून भागत नाही, तळव्याच्या दोन खुरांमधले, म्हणजे उंचवट्यांमधले, अंतर मोकळे असावे लागते. आपल्याकडची काळी माती पाणी शोषून फुगणारी चिकणमाती आहे. दाट खुरांच्या तळव्यात ती घट्ट बसते आणि दहा पावलांत बुटाचा तळ पुन्हा सपाट होतो. खुरे साधारण चार ते सहा मिलिमीटर उंच आणि विरळ असतील, तर पाय वाकताना माती आपोआप गळून पडते. वरचे कापड जाळीदार असावे. पाणी आत शिरू नये म्हणून जलरोधक बूट घेण्याचा मोह होतो, परंतु पाणथळ भागात पाणी घोट्यावरून आत येतेच आणि मग जलरोधक बुटातून ते बाहेर पडत नाही. मोजे सुती नकोत. सुती मोजा ओला झाला की ओलाच राहतो आणि फोड येतात.

खरे सांगायचे तर बुटांपेक्षा पावलाच्या ठेवणीने अधिक फरक पडतो. चिखलात लांब टांग टाकली की टाच पुढे घसरते. पाऊल आखूड, लवकर उचललेले आणि शरीराच्या बरोबर खाली पडणारे असावे. हात किंचित रुंद ठेवावेत, नजर चार-पाच पावलांवर ठेवावी. वाटेच्या मधोमध ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या असतात, त्यांच्या कडेला हरळी उगवलेली असेल तर तिच्यावरून धावावे. हरळीची मुळे माती बांधून धरतात. घड्याळातला वेग या वाटेवर पाहू नये. श्वास किती लागला आहे, बोलता येते आहे का, यावरून श्रम मोजावेत. डांबरावरच्या वेगाशी तुलना करत राहिलात, तर प्रत्येक धाव अपयशी वाटेल आणि तसे वाटण्याचे काही कारण नाही.

घरी आल्यावर बूट उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नयेत, चिकटवलेला तळ सुटतो. आतली गादी काढावी, वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, तासाभराने बदलावेत आणि सावलीत वाऱ्यावर वाळवावेत. तळातली माती घासून काढायला विसरू नये. गाजरगवताचे बी याच मातीबरोबर एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते.

प्रश्न : मी फुलेवाडीत राहते आणि नोकरी करते. भोगावतीच्या बाजूच्या पाणंदी सुंदर आहेत, पण दोन्हीकडे डोक्याच्या वर गेलेला ऊस असतो. एकट्या बाईने तेथे पहाटे धावावे का? घरचे नको म्हणतात.

उत्तर : घरच्यांची काळजी मी निराधार मानणार नाही आणि आपली इच्छाही सोडून द्यावी असे म्हणणार नाही. उंच उसाच्या पाणंदीत दहा पावलांपलीकडचे काही दिसत नाही, आवाजही उसात विरून जातो. तेथे अडचण माणसांची असते, तशीच ती कुत्र्यांची, सापांची आणि अलीकडे गव्यांचीही असते. म्हणून ऊस उभा असेपर्यंत त्या पाणंदीत अंधारात कोणीच, पुरुषानेही, एकट्याने जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्यासाठी सुचवेन ते असे. ऊस उभा असेपर्यंत आठवड्यातले दिवस रंकाळ्यावर घालवावेत. पहाटेपासून तेथे चालणाऱ्यांची वर्दळ असते आणि फुलेवाडीहून ते जवळ आहे. रविवारी दोघी-तिघींनी मिळून, उजाडल्यानंतर, बालिंग्याच्या बाजूला नदीकडे जावे. ऊसतोड जसजशी पुढे सरकते, तसतशी शिवारे मोकळी होतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच पाणंदीवरून थेट नदीपर्यंत नजर जाते. फोनवरून घरच्यांना आपले चालू ठिकाण दिसेल अशी सोय करून ठेवावी, कानात काहीही घालू नये आणि ११२ हा क्रमांक चटकन लावता येईल असा ठेवावा. रोजची वेळ आणि रोजची वाट एकच ठेवण्याची सवय बहुतेक धावणाऱ्यांना असते. एकट्याने जाणाऱ्यांनी ती मोडावी.

उसाच्या पात्याची धार हाताला चिरे पाडते आणि पानावरची बारीक काटेरी कूस अंगाला लागली की दिवसभर खाज सुटते, तेव्हा पूर्ण बाह्यांचा पातळ सदरा घालावा. गळीत हंगामात ऊस भरलेल्या ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, मागे दिवा असेलच असे नाही आणि वळणावर ट्रॉली आतल्या बाजूला सरकते. समोरून येणारे वाहन दिसेल अशा बाजूने, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेने धावावे आणि ट्रॅक्टर वळत असेल तर थांबून त्याला जाऊ द्यावे. अंगावर चमकणारी पट्टी असलेले जाकीट असावे.

गवा दिसल्यास त्याचे चित्रीकरण करत बसू नये, ओरडू नये, दगड मारू नये. राधानगरीच्या जंगलाकडून हे जनावर उसाच्या आश्रयाने नदीकाठी उतरते आणि स्वभावतः बुजरे असते. माणसांनी वेढले की बिथरते. त्याच्याकडे पाठ न करता हळूहळू मागे यावे आणि वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे.

प्रश्न : वडणगे परिसरात नदीकडेला माझी शेती आहे. थंडीच्या दिवसांत दर रविवारी शहरातून वीस-पंचवीस जणांचे टोळके पळत येते. बांधावरून जातात, त्याने बांध ढासळतो, पाट फुटतो, रिकाम्या बाटल्या आणि पाकिटे सरीत पडतात. विचारले तर म्हणतात, नदी सगळ्यांची आहे. पळू नका असे मी म्हणत नाही. पण याला काही रीत आहे की नाही?

उत्तर : आपले पत्र मी या अंकातले सर्वांत महत्त्वाचे पत्र समजतो आणि त्याचे उत्तर आपल्यापेक्षा धावणाऱ्या वाचकांसाठी लिहितो.

नदी सगळ्यांची आहे, पण बांध सगळ्यांचा नाही. पाणंद ही गावनकाशावर दाखवलेली, बैलगाडीच्या काळापासून चालत आलेली सार्वजनिक वाट असते. बांध हा दोन शेतांमधला खाजगी मातीचा वरंबा असतो. पाणंदीवरून जाण्यासाठी कोणाला विचारावे लागत नाही, बांधावरून जाण्यासाठी विचारावेच लागते. शहरातल्या माणसाला दोन्ही मातीच्या वाटाच दिसतात आणि गैरसमज तेथेच होतो.

बांध ओला असताना त्यावरून एक माणूस गेला तर फार बिघडत नाही, पंचवीस जण एकामागे एक गेले तर कड तुटते. पाटाच्या कडेचेही तसेच. शेतीपंपाला वीज ठरावीक पाळीनेच मिळते. ती रात्रीची असेल तर शेतकरी रात्रभर जागून पाणी पाजत असतो आणि पहाटे कोणाच्या तरी पायाने पाट फुटला, तर त्या पाळीचे पाणी भलत्याच वाफ्यात जाते. आपल्या एका निष्काळजी पावलाने त्या माणसाची रात्र वाया जाते, हे ध्यानात आले तर कोणताही सुजाण धावणारा बांधावर पाय ठेवण्यापूर्वी थांबेल, असा माझा विश्वास आहे.

वीस-पंचवीस जणांनी एकत्र धावायचे असेल, तर रुंद पाणंद किंवा गावरस्ता निवडावा. चिंचोळ्या वाटेवर पाच-सहा जणांहून मोठा गट नेऊ नये. गटाच्या प्रमुखाने आठवडाभर आधी त्या वाटेवर जाऊन शेतकऱ्यांना भेटावे. कोठे पाणी सुरू आहे, कोठे उसाची नवी लागण झाली आहे, कोठे औषध फवारले आहे, हे त्यांच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. फवारणी झालेल्या शेताला खेटून धावणे आपल्याच आरोग्याला घातक आहे. शेतात माणूस दिसला की वेग कमी करून रामराम करावा, उसाचे कांडे मोडून घेऊ नये, बरोबर नेलेली प्रत्येक वस्तू बरोबरच परत आणावी. गुरे नदीवर येत असतील तर धावणे थांबवून बाजूला उभे राहावे. पळणारा माणूस पाहून म्हैस बुजली तर राखणाऱ्याची त्रेधा उडते. हंगामात नदीकाठच्या मोकळ्या रानात ऊसतोड कुटुंबांच्या खोपी असतात. खोपींच्या मधून धावत जाऊ नये, ते त्या लोकांचे घर आहे, बाहेर लेकरे झोपलेली असतात.

आपल्याला एवढीच विनंती की आपल्या शिवारातली कोणती पाणंद कोणत्या महिन्यात चालते, हे एखाद्या गटाने विचारायला आल्यास त्यांना सांगावे. अशा ओळखीचा शेतकऱ्यांनाही उपयोग होतो, कारण रोज पहाटे वाटेवर असणारा माणूस फुटलेला पाट, सुटलेले जनावर किंवा पेटलेला पाला सर्वांत आधी पाहतो.

प्रश्न : आम्ही कुरुंदवाडचे. कृष्णा-पंचगंगेच्या काठाने नृसिंहवाडीपर्यंत धावण्याचा सराव सुरू करायचा आहे. मगरींची भीती कितपत खरी आहे? आणि आमच्याकडची काही शेते पांढरी पडली आहेत, तेथली जमीन उन्हाळ्यातही पायाखाली भुसभुशीत का लागते?

उत्तर : भीती खरी आहे, पण तिला नियमाने आवर घालता येतो. कृष्णेत मगरींचा वावर आहे. हिवाळ्यात थंड रक्ताचे हे प्राणी ऊन खाण्यासाठी काठाच्या उतारावर आणि वाळूवर येऊन पडतात, ती वेळ साधारण सकाळ चढल्यानंतरची असते. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मादी काठावर उकरून अंडी घालते आणि त्या जागेची राखण करते. म्हणून पाण्याची कड आणि आपली वाट यांच्यात नेहमी मोठे अंतर ठेवावे, उताराच्या वरच्या अंगानेच धावावे, लव्हाळ्यांच्या दाट बेटांजवळ जाऊ नये आणि धावून झाल्यावर हातपाय धुण्यासाठी एकांतात नदीत उतरू नये. काठावर एखादी ओंडक्यासारखी आकृती दिसली तर जवळ जाऊन खात्री करण्याची गरज नाही.

पांढऱ्या जमिनीविषयी. शिरोळ तालुक्यात वर्षानुवर्षे उसाला भरपूर पाणी दिले गेले, निचरा झाला नाही, भूजल वर आले आणि त्याबरोबर क्षारही वर आले. पाणी उडून जाते आणि क्षार पृष्ठभागावर पांढरा थर धरून बसतात. अशा क्षारपड जमिनीत वरचा थर सुटा, भुरभुरीत असतो आणि खाली ओल टिकून राहते, म्हणून पाऊल आत जाते. चोपण झालेल्या जमिनीचा प्रकार आणखी वेगळा. ती वाळली की दगडासारखी होते आणि थोडी भिजली तरी साबणासारखी निसरडी होते. अशा पट्ट्यांत वेग वाढवण्याचा सराव करू नये. आपल्या भागात घाटाजवळच्या पक्क्या वाटा आणि गावांना जोडणारे रस्ते हेच सरावाचे मुख्य ठिकाण ठेवावे. दक्षिणद्वार सोहळ्याच्या दिवसांत पुराचे पाणी नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरातून वाहत असते, तेव्हा काठच उरलेला नसतो, हे आपल्याला मी सांगण्याची गरज नाही.

प्रश्न : कळंबा तलावाच्या बाजूला धावताना टिटव्या अंगावर झेप घेतात. यावर उपाय काय?

उत्तर : टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते, तिचे अंड्यांचे दिवस मुख्यतः मार्च ते ऑगस्ट. ती झेप घेते तेव्हा आपण घरट्याच्या अगदी जवळ असतो. चोच क्वचितच लागते, मात्र तिला चुकवण्याच्या नादात पाय अंड्यांवर पडू शकतो. आल्या वाटेने मागे येऊन पन्नास-साठ पावलांचा वळसा घ्यावा आणि महिनाभर ती जागा टाळावी. तलावाच्या कडेच्या लव्हाळ्यात वंचक, जांभळी पाणकोंबडी, शेकाट्या असे पाणपक्षी दिसतात, त्यांच्यासाठी मोठ्या आवाजातले गाणे बंद ठेवावे एवढे कृपया करावे. पाण्यावर जलपर्णी पसरलेली असेल तर ती हिरवळ नव्हे, तिच्यावर पाय देऊ नये.

प्रश्न : नदीकाठच्या चिखलात धावल्यानंतर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. त्याशिवाय ‘उंदराच्या मुतातून ताप येतो’ असे ऐकले. धावणाऱ्यांना त्याचा धोका आहे का?

उत्तर : चिखल्यांवरचा उपाय सोपा आहे. पाय साबणाने धुऊन बेचके पूर्ण कोरडे करावेत, मोजे रोज बदलावेत, खाज आणि भेगा आठवड्यात गेल्या नाहीत तर बुरशीवरचे मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने लावावे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. लेप्टोस्पायरोसिस हा आजार उंदीर, घुशी आणि गुरे यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून व ओल्या मातीतून, त्वचेवरच्या जखमेवाटे किंवा डोळे-तोंडावाटे शरीरात शिरतो. पुरानंतरचा चिखल आणि उसाचे रान ही दोन्ही त्याला पोषक आहेत. लक्षणे बहुधा पाच ते चौदा दिवसांनी दिसतात : जोराचा ताप, डोकेदुखी, डोळ्यांत लाली आणि पोटऱ्यांत तीव्र वेदना. धावणाऱ्याची फसगत या शेवटच्या लक्षणापाशी होते, कारण पोटरी दुखली की तो सरावाचा परिणाम समजून विश्रांती घेत बसतो. पोटरीदुखीबरोबर ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि आपण नदीकाठच्या चिखलात धावलो होतो हे न विचारता सांगावे. वेळेवर निदान झाल्यास प्रतिजैविकांनी हा आजार बरा होतो; उशीर झाल्यास मूत्रपिंड आणि यकृतावर जातो. पायाला ओरखडा असेल तर पुराच्या चिखलात धावू नये. तहान लागली म्हणून नदीचे पाणी तोंडाला लावू नये. पंचगंगेत सांडपाणी मिसळते आणि २०१२ साली इचलकरंजीने काविळीच्या साथीत त्याची किंमत मोजली आहे.

सापाविषयीही येथेच लिहितो. नदीकाठच्या रानात नाग, घोणस, मण्यार तिन्ही आहेत. दंश झाल्यास जखम कापणे, चोखणे, घट्ट आवळणे यांपैकी काहीही करू नये. माणसाला झोपवून पाय हलू न देता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात पोहोचवावे.

प्रश्न : आमच्या तालमीतली काही मुले दर पावसाळ्यात पाणी चढलेल्या बंधाऱ्यावरून पळत पलीकडे जाण्याची पैज लावतात. पाणी जेमतेम घोट्याएवढे असते. हे सुरक्षित आहे का? नसेल तर त्यांना पावसाळ्यात कोठे पळवावे?

उत्तर : नाही. हे त्यांनी एकदाही करू नये आणि आपण वस्ताद असाल तर आपल्या अधिकाराने आजच थांबवावे.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा मुळात रस्ता म्हणून बांधलेला नाही. पावसाळ्यानंतर त्याच्या खांबांमधल्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवून पाणी अडवतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर ते काढून घेतात, जेणेकरून पुराचे पाणी मोकळे वाहावे. पुरात वाहून आलेली झाडे अडकू नयेत म्हणून वर भक्कम कठडाही नसतो. पाणी वरून जाऊ लागले की वरचा पृष्ठभाग शेवाळाने निसरडा होतो आणि गढूळ पाण्याखाली कड कोठे संपते ते दिसत नाही. घोट्याएवढ्या पाण्यात पाय घसरला तरी ओढ माणसाला खालच्या अंगाला नेते आणि तेथे पाणी खाली पडून पुन्हा बंधाऱ्याकडे वळते. त्या भोवऱ्यातून उत्तम पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही. पैज लावून निघाले तेव्हा घोट्याएवढे असलेले पाणी परत येईपर्यंत गुडघ्याएवढे झालेले असू शकते, कारण ते वरच्या धरणांतून आणि घाटमाथ्यावरून येते.

राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी प्रशासन पावसाळ्यात रोज जाहीर करते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ मध्ये ती ५५ फुटांच्याही वर गेली होती. ३९ फुटांखाली पाणी आहे म्हणजे बंधारे मोकळे आहेत, असा अर्थ मात्र मुलांनी काढू नये. नदीवरचे बहुतेक बंधारे इशारा पातळीच्या कितीतरी आधी पाण्याखाली गेलेले असतात. रेडेडोह फुटल्याची, म्हणजे तेथे नदीचे पाणी पात्राबाहेर पडल्याची, बातमी आली, तर चिखलीच्या बाजूच्या शेतवाटा आणि पाणंदीही संपल्या असे समजावे.

पावसाळ्यात मुलांना उंच जमिनीवर न्यावे. पन्हाळ्याचा माथा जांभ्या दगडाचा आहे. जांभ्यातून पाणी झिरपून जाते, चिखल कमी होतो आणि चढाचा सरावही होतो. धुके दाट असेल तेव्हा तटाच्या कडेने न धावता आतल्या रस्त्याने धावावे. जोतिबाच्या डोंगराचा चढही तालमीतल्या मुलांना चांगला दमवतो. तेवढे लांब जाणे रोज शक्य नसेल, तर रंकाळ्याच्या पदपथावर वेगाचा सराव घ्यावा आणि उरलेल्या दिवशी तालमीतच बैठकांबरोबर एका पायावर तोल धरण्याचे व्यायाम करून घ्यावेत. घोट्याच्या बाजूचे स्नायू त्याने बळकट होतात आणि नोव्हेंबरात ही मुले पुन्हा नदीकाठी उतरतील तेव्हा त्यांना त्याचाच उपयोग होईल.